काशीच्या चौकात उजेड किती, झाड कोणते

रोपवाटिकेत काही कुंड्यांवर ‘इनडोअर’ अशी चिठ्ठी लावलेली असते आणि आपण निश्चिंत मनाने ते रोप दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणून ठेवतो. खरे तर घराच्या छपराखाली वाढावी म्हणून कुठलीच वनस्पती जन्माला आलेली नाही. त्यातल्या काही दाट जंगलाच्या तळाशी, उंच झाडांच्या सावलीत वाढल्या, म्हणून कमी उजेडात तग धरतात, इतकेच. त्यामुळे घरासाठी झाड निवडताना आधी घर पाहावे लागते. उजेड कुठे पडतो, कोणत्या महिन्यात पडतो आणि त्या घरातले कोण रोज त्या झाडाकडे बघणार आहे, हे कळले की निवड निम्मी झालीच. या प्रश्नाचा आढावा घ्यायला मला बनारसइतके योग्य शहर दिसत नाही, कारण इथल्या जुन्या घरात मजल्यागणिक हवामान बदलते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. भोसले घाट, शिंद्यांचा घाट, अहिल्याबाई घाट ही नावे घाटांच्या रांगेत आजही आहेत. मागच्या गल्ल्यांमधली घरे तीन-चार मजली, एकमेकांना खेटून उभी. गल्ली इतकी अरुंद की रस्त्याकडच्या खिडकीतून उजेड येतो असे म्हणणेही धाडसाचे. आकाश दिसते ते फक्त मधल्या चौकातून, म्हणजे तिथल्या भाषेत आंगनातून. या चौकावर बहुतेक घरांनी लोखंडी जाळी टाकलेली असते, कारण लाल तोंडाची माकडे. गच्चीवरची कुंडी, वाळत घातलेले धोतर, पापड, काहीही त्यांना वर्ज्य नाही. बनारसमध्ये झाडे लावण्याचा विचार या जाळीपासूनच सुरू करावा लागतो.

आता उन्हाचा हिशेब. बनारस साधारण २५.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ८८ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ थेट डोक्यावर. २२ डिसेंबरच्या आसपास तो ४१ अंशांच्या वर चढत नाही. शिवाय भारतीय प्रमाणवेळेची ८२.५ अंशांची रेषा शेजारच्या मिर्झापूरजवळून जाते, म्हणून इथे घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांत फारसा फरक नसतो. मुंबईत तो अर्ध्या तासाहून जास्त असतो. चौक चार मीटर रुंद आणि दहा मीटर खोल धरा. डिसेंबरच्या दुपारी त्यात ऊन कठड्यापासून जेमतेम साडेतीन मीटर खाली उतरते, म्हणजे वरच्या मजल्याच्या भिंतीवरच थांबते. तळाला महिनोन्‌महिने थेट ऊन नाही. जूनमध्ये मात्र दुपारच्या आगेमागे दोन-अडीच तास ते सरळ फरशीवर पडते. उघड्यावरच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, मोठ्या खिडकीशी काही हजार आणि आतल्या खोलीत शे-दोनशे. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते लगेच जुळवून घेतात. पानाला तशी सोय नाही.

म्हणून काशीच्या घराची झाडे वरून खाली वाचत यावीत असे मला वाटते.

सर्वांत वर गच्ची. तिथे पूजेची आणि फोडणीची झाडे, आणि ती तिथेच असायला हवीत. तुळस, बेल, शमी, जाई, मोगरा, मरवा, दूर्वा या सगळ्यांना रोजचे पाच-सहा तास ऊन लागते. गणपतीच्या पत्रीतली काही पाने गच्चीवरच्या पाच-सात कुंड्यांतून निघू शकतात आणि भाद्रपदात ती बाजारात शोधत फिरावे लागत नाही. दूर्वेसाठी खोल कुंडी नको, पसरट हवी. कढीपत्त्याचे झाड मात्र खास आपले. इथल्या स्वयंपाकात त्याला फारसे स्थान नाही, म्हणून फोडणीसाठी ते घरीच लावलेले बरे. त्याच्याजवळ पानओवा आणि गवती चहा हवाच. ही झाडे शोभेची नाहीत असे कुणी म्हणेल. जे झाड रोज हाताने खुडले जाते तेच सर्वांत जास्त जोपासले जाते, आणि जोपासलेल्या झाडाइतके शोभिवंत दुसरे काही नसते.

तुळशीबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण उत्तरेतल्या मराठी घरांत सर्वांत जास्त मरते ती तीच. कार्तिकात तिचे लग्न लागते, त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात बनारसमध्ये धुके आणि गारठा सुरू होतो. तुळस उष्ण प्रदेशातली, तिला थंडी सोसत नाही हे सर्वांना ठाऊक आहे आणि म्हणून रात्री तिच्यावर ओढणी किंवा लाल कापड घालतात. ते बरोबरच आहे. पण थंडीइतकेच नुकसान पाण्याने होते. घरातली चार माणसे सकाळी अंघोळ करून एकेक तांब्या घालतात, त्यात कधी दूधही असते. थंडीत माती सुकत नाही, मुळे श्वास घेऊ शकत नाहीत आणि कुजतात. वरून पाहताना वाटते, बिचारी थंडीने गेली. त्यावर उपाय सोपा आहे: थंडीत अर्घ्य वृंदावनाच्या कडेला, वेगळ्या ताम्हनात सोडावे आणि मुळाशी फक्त चमचाभर. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडाव्यात, कारण बी धरले की तिचे आयुष्य आटोपते. आणि तळाच्या काळोख्या चौकात केवळ परंपरेने वृंदावन असेल, तर तिथे कुंडीतली तुळस ठेवून ती दर आठवड्याला गच्चीवरच्या जोडीदार कुंडीशी बदलावी. दोन तुळशी आळीपाळीने. हे करताना श्रद्धेला कुठेही धक्का लागत नाही.

गच्चीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. जुन्या घरांची छते दगडी लाद्यांची, खाली लाकडी किंवा दगडी तुळया. सोळा इंची कुंडी ओल्या मातीसकट पन्नास किलोच्या आसपास भरते. अशा दहा कुंड्या छताच्या मधोमध मांडणे म्हणजे तिथे कायमची सात-आठ माणसे उभी करणे. कुंड्या भिंतीलगत, तुळईच्या टोकांवर ठेवाव्यात, आणि फरशीला टेकून नकोत, विटांवर उचललेल्या असाव्यात. खालची ओल सांध्यांत मुरली की तिथे पिंपळ उगवतो. पक्षी बी टाकतात, कुंडीचे गळके पाणी त्याला जगवते, आणि दोन पावसाळ्यांत मूळ विटांच्या आत शिरते. बनारसच्या कितीतरी भिंती, शिखरे, घाटांचे बुरूज या एका झाडाने फोडले आहेत, आणि ते पूज्य असल्यामुळे उपटायला हात धजत नाही. रोप बोटभर असताना ते मुळासकट काढून मोकळ्या जमिनीत लावणे, हा झाड आणि घर दोघांचाही मान राखणारा मार्ग आहे.

गच्चीच्या खाली मधले मजले. चौकाला वेढणारा सज्जा, त्यावर दिवसभर पसरलेला उजेड, पण थेट ऊन थोडे. दुकानांत ‘इनडोअर’ म्हणून जे मिळते त्यासाठी सर्वांत चांगली जागा हीच. रबर प्लांट इथे मस्त वाढतो. त्याचे मूळ घर आपला ईशान्य भारत, मेघालयातले जिवंत मुळांचे पूल ज्या झाडाचे बनतात तेच हे झाड. चिठ्ठीवरचे इंग्रजी नाव पाहून लोक त्याला परदेशी समजतात. स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेतला, पण त्याची सख्खी बहीण म्हणजे सफेद मुसळी, आणि तिचे शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडले आहे. अरेका पाम मादागास्करचा. त्याला उजेड आणि हवेत ओलावा दोन्ही हवे, त्यामुळे लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण वारा, सुरू झाली की पानांची टोके करपतात. बनारसमध्ये हौसेने घेतला जातो आणि मे महिन्यात सर्वांत आधी रडवतो तो हाच. मोह होतो, तरी मी तो सुचवणार नाही.

आणि तळाचा चौक. इथे मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण या जागेला लोक निरुपयोगी समजतात.

चौकाच्या मोरीकडच्या ओल्या कोपऱ्यात आळू लावा. आळूवडीसाठी तर लावाच, पण आळू म्हणजे या सगळ्या विषयाची किल्ली आहे. मनी प्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, डायफेनबॅकिया, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलेडियम, झेडझेड: घरातल्या झाडांच्या दुकानात ज्यांची सर्वांत जास्त विक्री होते ती ही मंडळी आळूच्या आणि सुरणाच्याच कुळातली. ज्या घरात आळू कसा वाढतो हे माहीत आहे, त्या घराला या झाडांबद्दल निम्मे आधीच कळलेले असते. यातली बहुतेक जंगलाच्या तळाशी किंवा झाडाच्या बुंध्यावर चढत वाढणारी, म्हणून उजेडाच्या बाबतीत समाधानी, हवेतल्या ओलाव्याची भुकेली. मनी प्लांट हा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा; त्याला लोंबता ठेवला तर पाने लहान होत जातात, ओल्या काठीवर किंवा खडबडीत भिंतीवर चढवला तर तीच पाने ताटाएवढी होतात, कारण त्याचा मूळ स्वभाव चढण्याचा. झेडझेड पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या भागातला, त्याने सुरणासारखे जमिनीखाली कंद केले आणि त्यात पाणी साठवले. म्हणून तो कित्येक आठवडे विसरला तरी चालतो आणि रोज पाणी घातले तर सडतो. उन्हाळ्यात दोन-दोन महिने पुण्याला किंवा नागपूरला मुलांकडे जाणाऱ्या घरांसाठी त्याच्याइतके सोयीचे झाड नाही. त्याच्या जोडीला पश्चिम आफ्रिकेतला स्नेक प्लांट.

आळूचे आणि चौकाचे वेळापत्रक तर इतके जुळते की नवल वाटावे. डिसेंबरात चौकाच्या तळाला ऊन नसते, तेव्हा आळूची पाने गळतात आणि कंद जमिनीत झोपतो. जूनमध्ये ऊन थेट खाली येते, पाठोपाठ पाऊस येतो, आणि आळू तरारून वर येतो. रंगीत पानांचे कॅलेडियमही असेच. त्याची पाने नोव्हेंबरात मान टाकतात तेव्हा लोक ते मेले समजून फेकून देतात. पाणी तोडून कुंडी कोपऱ्यात ठेवली तर चैत्र-वैशाखात त्यातून पुन्हा अंकुर येतात.

याच कुळाचा धोकाही आळूनेच शिकवलेला आहे. आळू चिरताना हाताला जी खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. आपण चिंच घालून, शिजवून ती मारतो. डायफेनबॅकिया, मनी प्लांट, पीस लिली यांच्या पानांतही तेच स्फटिक आहेत, आणि रांगते मूल किंवा मांजर पान चावताना चिंच लावत नाही. तोंड, जीभ, घसा सुजतो. लहान मूल असलेल्या घरात डायफेनबॅकिया आणूच नये, बाकीची झाडे त्याचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावीत.

बनारसच्या घरात आणखी एक वेल असायला हवी असे मला मनापासून वाटते, ती नागवेल. बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी २०१८ मध्ये बिहारच्या मगही पानाला. पान पिकवणारी चौरसिया मंडळी पानाचे मळे बरेजात, म्हणजे बांबू आणि गवताच्या आच्छादित मांडवात वाढवतात: लूपासून आडोसा, धुक्यापासून आडोसा, गाळलेला उजेड, दिवसातून अनेकदा हलके पाणी. हे वर्णन वाचून सज्ज्याची किंवा पहिल्या मजल्यावरच्या पाझरत्या भिंतीची आठवण व्हावी. दिसायला नागवेल मनी प्लांटइतकीच देखणी, चढायला तितकीच उत्सुक, शिवाय तिची पाने विड्याला, सुपारी-अक्षतेच्या पूजेला आणि सर्दीत छातीवर शेकायला उपयोगी. गारठा दहा अंशांखाली गेला की ती रुसते. जानेवारीत कुंडी आत घ्यावी.

आता हवेच्या शुद्धीकरणाबद्दल. हा दावा इतका पसरला आहे की रोपाच्या चिठ्ठीवरही छापलेला असतो. त्याचे मूळ १९८९ च्या नासाच्या अहवालात आहे. वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद पारदर्शक पेट्यांमध्ये झाडे ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारख्या वायूंचे प्रमाण कमी होते का ते मोजले, आणि ते कमी झाले. पण घर ही बंद पेटी नसते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी आधीच्या १२ अभ्यासांतले १९६ निष्कर्ष एकत्र तपासले. खिडकी-दारातून जेवढी हवा सहज बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असे त्यांना आढळले. थंडीत बनारसच्या हवेत जी बारीक धूळ आणि धूर असतो, त्यावर चार कुंड्या हा काहीही इलाज नाही, आणि तो आहे असे दम्याच्या रुग्णाला सांगणे हे मला अन्यायाचे वाटते. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू सोडतो हेही तसेच. तो रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरे, पण प्राणवायू तयार होतो तो उजेडातच.

मग झाडांचा उपयोग काय? रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, तेव्हा त्यावर फार मोठा मनोरा रचू नये. तरीही काशीच्या गल्लीतल्या खिडकीतून समोर विटांची भिंतच दिसते हे लक्षात घेता, दिवसभर घरात असणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी डोळ्यांसमोरचे एक हिरवे झाड मला औषधाच्या कपाटाइतकेच आवश्यक वाटते. झाड नेमके त्या माणसाच्या खाटेवरून किंवा आरामखुर्चीतून दिसेल असे ठेवावे. सजावटीचे सगळे नियम यापुढे दुय्यम आहेत.

सजावटीत माझी पहिली सूचना चुन्याची. चौकाच्या भिंतींना दरवर्षी पांढरा चुना मारला तर वरून आलेला उजेड परतून परतून तळापर्यंत पोहोचतो; काळवंडलेली भिंत तो गिळून टाकते. दुसरी, लहान-लहान वीस कुंड्यांपेक्षा मोठ्या पानांचे एक झाड निवडावे, विशेषतः खोली अरुंद असेल तर. तिसरी जाळीची. तळाचा उजेड कमी पडतो म्हणून चौकावरच्या लोखंडी जाळीलाच लांब साखळ्या बांधून, तिच्या आतल्या बाजूने कुंड्या लोंबत्या ठेवाव्यात. उजेड मिळतो आणि माकडांचा हातही पोहोचत नाही. फक्त खाली कोण चालते ते पाहून साखळी बांधावी. भिंतीतले कोनाडे मोहात पाडतात, पण त्यांत झाड जगत नाही. तिथे बाटलीतल्या पाण्यात घातलेली मनी प्लांटची फांदी आठवडाभर ठेवावी, मग उजेडात हलवून दुसरी आणावी. पाणीही दर आठवड्याला बदलावे, बाटली आतून घासावी. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून पंखापर्यंत साधारण सात ते दहा दिवसांत तयार होतो, आणि कुंडीखालची ताटली व ही बाटली या त्याच्या आवडत्या जागा आहेत.

भांडी बनारसमध्ये उत्तम मिळतात. ठठेरी बाजारात पितळेचे काम पिढ्यांचे, आणि बहुतेक मराठी घरांत माळ्यावर एखादे घंगाळ किंवा हंडा पडून असतोच. तो बाहेर काढावा, पण त्यात थेट माती भरू नये. तांब्याचा अंश मुळांना बाधतो आणि भोक नसल्याने पाणी साचते. साध्या कुंडीतले झाड आत ठेवावे, पाणी देताना बाहेर काढावे. आझमगढजवळच्या निजामाबादची काळी मातीची भांडी, चांदीसारख्या नक्षीची, पोपटी पानाखाली फार सुंदर दिसतात. त्यांनाही हाच नियम. रोजच्या वापरासाठी मात्र बिनझिलईची लाल मातीची कुंडी, कारण ती घाम गाळते आणि मुळे थंड ठेवते. त्याच गुणामुळे लू सुरू असताना ती दिवसात दोनदा पाणी मागते, तेव्हा मे-जूनपुरती ती मोठ्या भांड्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी.

माती आणि पाणी यांत बनारसचे स्वतःचे त्रास आहेत. पूर ओसरल्यावर घाटांवर राहणारा गंगेचा गाळ सुपीक खरा, पण कण इतके बारीक की कुंडीत एकटा भरला तर दगड होतो. त्यात निम्मे शेणखत आणि रेती मिसळावी लागते. बोअरचे पाणी जड, म्हणून कुंडीवर पांढरे पापुद्रे आणि पानांची टोके तपकिरी. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी अनेक घरी झाडांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात, ते लादी धुवायला वापरावे. वातानुकूलन यंत्रातून टपकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते, ते साठवून ठेवण्यासारखे. पावसाळ्यात पिठ्या ढेकूण येतो, पानाच्या बेचक्यात कापसासारखा. ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाचे तेल मारले की सुरुवातीलाच आटोक्यात येतो.

राहिली खरेदी. दरवर्षी २५ डिसेंबरला, संस्थापक मदनमोहन मालवीय यांच्या जयंतीला, काशी हिंदू विद्यापीठात मालवीय भवनात पुष्पप्रदर्शन भरते, शेवंतीच्या एकेका फुलापुढे लोक थबकतात, आणि परतताना हातगाडीवरून चार रोपे घेतात. शेवंती जरूर घ्यावी, महिनाभराची पाहुणी म्हणून. पण अ‍ॅग्लोनेमा, मनी प्लांट, पीस लिली हे त्या दिवसांत आणू नये. दमट, झाकलेल्या रोपवाटिकेतून निघालेले रोप धुक्याच्या, आठ-दहा अंशांच्या रात्रीत येऊन पडते आणि त्याला सावरायला वेळच मिळत नाही. फेब्रुवारीचा शेवट किंवा पहिला पाऊस पडून गेल्यावरचा आषाढ, या दोन वेळा योग्य. माळ्याला नाव आणि किंमत विचारण्याआधी विचारावे, हे रोप त्याच्याकडे किती दिवस उभे आहे आणि कुठल्या सावलीत. महिनाभर तिथेच राहिलेले, पानांवर थोडी धूळ बसलेले रोप, काल गाडीतून उतरलेल्या चकचकीत रोपापेक्षा कधीही चांगले. ते घरी आणून आठवडाभर सज्ज्यावर ठेवावे, मगच आत न्यावे, आणि पहिल्या महिन्यात कुंडी बदलू नये.